परदेशात फिरताना पार्करन : नोंदणीपासून निकालापर्यंत, क्रमाने

दर शनिवारी सकाळी वीसहून अधिक देशांतल्या बागांत, तळ्याकाठी, समुद्रकिनारी आणि जंगलवाटांवर पार्करन भरतो, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेला ५ किलोमीटर धावण्या-चालण्याचा सामूहिक कार्यक्रम. शुल्क नाही, वेळमर्यादा नाही, पूर्ण अंतर चालत गेलात तरी कुणी काही म्हणत नाही. प्रत्येकाची वेळ मात्र नोंदवली जाते, आणि एकदा केलेली नोंदणी जगातल्या कुठल्याही पार्करनला चालते. म्हणूनच परदेशात गेलेल्या धावपटूसाठी इतकी सोयीची दुसरी गोष्ट नाही.

तरीही पाहुण्यांचे घोळ होतात, आणि ते बहुतेक धावण्याच्या आधी किंवा नंतर होतात. बारकोड नसतो, चुकीच्या बागेत पोहोचतात, कार्यक्रम रद्द झालेला असतो, किंवा शेवटची रेषा ओलांडल्यावर नेमकं काय करायचं ते माहीत नसतं. या शेवटच्या चुकीचा फटका तर तुमच्या मागून येणाऱ्या सगळ्यांना बसतो. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या.

१. नोंदणी : निघण्याआधी, आणि एकदाच

नोंदणी पार्करनच्या संकेतस्थळावर होते. कुठल्याही देशाचं पान उघडलंत तरी चालतं, कारण नोंदणी सगळीकडे एकच असते. नाव, ईमेल, जन्मतारीख, लिंग आणि अडचणीच्या वेळी कळवायच्या व्यक्तीचा फोन नंबर एवढी माहिती लागते. शेवटी तुम्हाला एक कायमचा क्रमांक मिळतो. ‘ए’ हे अक्षर आणि त्यापुढे काही अंक. हा क्रमांक म्हणजेच तुमची ओळख, आणि बारकोडात तोच असतो.

अर्ज भरताना चार ठिकाणी लक्ष द्या.

जन्मतारीख भरताना आधी दिवस मागितला आहे की महिना, ते पाहा. दोन्ही बारापेक्षा कमी असतील तर चूक लक्षातही येत नाही आणि वयोगट चुकीचा पडू शकतो. वयोगटावरून क्रमवारी लागते आणि वयानुसारची टक्केवारीही (त्या वयाच्या विश्वविक्रमी वेळेच्या तुलनेत तुमची वेळ) निघते, त्यामुळे ही चूक प्रत्येक निकालात दिसत राहते.

‘होम पार्करन’, म्हणजे तुमचा नेहमीचा पार्करन, निवडायला सांगितलं जातं. राहत्या ठिकाणाजवळ पार्करन नसेल तर ज्या शहरात जाणार आहात तिथला निवडा. पुढे तो कधीही बदलता येतो, आणि या निवडीमुळे दुसरीकडे धावायला कसलीही आडकाठी येत नाही.

अडचणीच्या वेळचा फोन नंबर देशाच्या कोडसकट लिहा. परक्या देशातल्या स्वयंसेवकाला नुसत्या दहा आकड्यांचा काही उपयोग नाही. आणि हा नंबर तुमच्यासोबतच धावणाऱ्या माणसाचा नको. तो तेव्हा वाटेवर असेल आणि फोन पिशवीत वाजत राहील.

ईमेल नेहमी उघडता तोच द्या. बारकोड आणि निकाल दोन्ही तिथेच येतात.

*सावधान :* पूर्वी कधी नोंदणी केली असेल आणि क्रमांक आठवत नसेल, तर नवी नोंदणी करू नका. जुना मेल शोधा किंवा संकेतस्थळावरून क्रमांक परत मिळवा. दोन नोंदण्या झाल्या की तुमचे रन दोन नावांत वाटले जातात आणि २५, ५०, १०० रन पूर्ण झाल्याच्या टप्प्यांची मोजणी बिघडते.

हेही ध्यानात ठेवा की निकाल सार्वजनिक असतात. नाव, वयोगट आणि वेळ कुणालाही दिसते.

२. बारकोड : कागदावर आणि फोनमध्ये, दोन्हीकडे

बारकोड नसला तरी तुम्हाला धावू देतात, पण निकालात तुमच्या जागी ‘अननोन’ येतं. वेळही मोजली जाते, फक्त ती तुमच्या नावावर चढत नाही.

आता फोनच्या पडद्यावरचा बारकोडही चालतो. पण परदेशात एकट्या फोनवर विसंबू नका. रोमिंग बंद असतं आणि संकेतस्थळावरचं पान उघडत नाही. थंडीत बॅटरी अचानक बसते. पडद्याला तडा गेला असेल किंवा त्यावर घाम असेल तर स्कॅन होत नाही. म्हणून असं करा :

१) बारकोडची पीडीएफ फाइल मूळ मापात, म्हणजे शंभर टक्क्यांवर छापा. पानभर ताणून छापला तर रेषांच्या कडा फाटतात, फार बारीक केला तर त्या एकमेकींत मिसळतात.

२) कागद कापून छोट्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा किंवा लॅमिनेट करून घ्या. घडी घालावीच लागली तर ती बारकोडच्या उभ्या रेषांना समांतर नको. त्या घडीने रेषांची जाडी बदलते आणि वाचणाऱ्या यंत्राला जाडीच तर वाचायची असते. आडवी घडी त्या मानाने चालून जाते.

३) त्याच बारकोडचा स्क्रीनशॉट काढून फोनच्या गॅलरीत ठेवा. मेलमधली लिंक पुरेशी नाही. इंटरनेट बंद करून तो उघडतो का, हे एकदा करून बघा.

४) ‘ए’ क्रमांक पाठ करा किंवा बुटाच्या आत पेनने लिहून ठेवा. स्कॅन झालंच नाही तर स्वयंसेवकाला त्याच्या ॲपमध्ये क्रमांक हाताने टाकता येतो.

कागदाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहा : नाव, औषधांची ॲलर्जी किंवा आजार असल्यास तो, राहण्याच्या ठिकाणाचं नाव, आणि संपर्काचा फोन देशाच्या कोडसह. वाटेत चक्कर आली तर कुलूपबंद फोनपेक्षा खिशातला हा कागद लवकर कामाला येतो.

कुटुंबातल्या प्रत्येकाचा बारकोड वेगळा. नवऱ्याच्या फोनमध्ये दोघांचे बारकोड असतील तर ते नीट नाव देऊन ठेवा. गडबडीत बायकोची वेळ नवऱ्याच्या नावावर गेल्याची उदाहरणं प्रत्येक पार्करनमध्ये सापडतील.

३. कोणता पार्करन, कुठे, किती वाजता

संकेतस्थळावर नकाशा आहे. मुक्कामाचं ठिकाण शोधा आणि आसपासचे दोन पार्करन निवडा. एक पहिल्या पसंतीचा, एक राखीव. दुसरा का लागतो ते पुढच्या पायरीत कळेल.

नावावरून फसू नका. ‘अल्बर्ट’ नावाचा पार्करन इंग्लंडमधल्या मिडल्सबरो शहरात आहे. मेलबर्नमधल्या अल्बर्ट पार्क तळ्याभोवतीचा हवा असेल तर तो ‘अल्बर्ट मेलबर्न’ या नावाने शोधावा लागतो. न्यूकासल नावाचं शहर इंग्लंडमध्येही आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यूकासल शहरातला पार्करन ‘न्यूई’ या नावाने भरतो. शहराचं नाव टाकून पहिला दिसेल तो धरलात तर भलत्याच खंडातलं पान वाचत बसाल. पानावर देश आणि पत्ता पाहूनच पुढे जा.

प्रत्येक पार्करनच्या पानावर ‘कोर्स’ नावाचा विभाग असतो. तो पूर्ण वाचा आणि त्यातून या गोष्टी टिपून ठेवा :

- सुरुवात नेमकी कुठे आहे. मोठ्या बागांना अनेक दरवाजे असतात आणि चुकीच्या दरवाज्यापासून सुरुवातीची जागा दीड-दोन किलोमीटर दूर असू शकते. बागेचं नाव नकाशात टाकू नका, सुरुवातीच्या जागेची खूण थेट नकाशात जतन करा.
- शेवट सुरुवातीच्याच ठिकाणी आहे की दुसरीकडे. दुसरीकडे असेल तर सामान कुठे ठेवायचं ते त्यावर ठरतं.
- जमीन कशी आहे. डांबर, खडी, गवत की चिखल. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात गवताळ वाटा निसरड्या होतात, तिथे रस्त्यावरचे गुळगुळीत तळाचे बूट कामाचे नाहीत. काही ठिकाणी हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा मार्गही वेगळा असतो.
- किती फेऱ्या. दोन-तीन फेऱ्यांचा मार्ग असेल तर मोजणं तुमच्याकडे. कुणीही थांबवून सांगत नाही.
- स्वच्छतागृह आहे का, आणि ते त्या वेळी उघडं असतं का.

आता वेळ. इथे गृहीत धरून चालणारे हमखास चुकतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सकाळी ९, पण स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडमध्ये ९.३०. जर्मनी, पोलंड आणि नेदरलँड्समध्ये ९, स्वीडन-नॉर्वेत ९.३०. सिंगापूरला ७.३०, कारण त्यानंतर ऊन सोसवत नाही. जपान आणि न्यूझीलंडमध्ये ८. ऑस्ट्रेलियात राज्यागणिक फरक : क्वीन्सलँडमध्ये ७, व्हिक्टोरियात ८. शिवाय क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये करतात. क्वीन्सलँडच्या हद्दीजवळच्या गोल्ड कोस्टला मुक्काम असेल आणि हद्दीपलीकडच्या पार्करनला जाणार असाल तर उन्हाळ्यात तासाचा फरक पडतो. या सगळ्या सर्वसाधारण वेळा आहेत. एकाच देशातही अपवाद असतात, म्हणून त्या विशिष्ट पार्करनच्या पानावर लिहिलेली वेळच खरी माना.

*तपासा :* शनिवारचाच पार्करन पाहताय ना? युनायटेड किंगडम आणि आयर्लंडमध्ये रविवारी ‘ज्युनिअर पार्करन’ही भरतो. तो २ किलोमीटरचा आणि फक्त ४ ते १४ वयाच्या मुलांसाठी असतो. नकाशावर दोन्ही दिसतात.

४. रद्द तर नाही ना?

पार्करन सार्वजनिक जागेत आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. बर्फ, पूर, वादळी वारा, बागेत दुसरा कार्यक्रम किंवा अपुरे स्वयंसेवक, यांपैकी काहीही झालं की तो रद्द होतो. काही रद्द तारखा आठवडे आधी माहीत असतात, काही त्याच सकाळी ठरतात. म्हणून तीनदा पाहायचं.

तिकीट किंवा मुक्काम ठरवताना : त्या पार्करनचं पान आणि देशाच्या संकेतस्थळावरची रद्द कार्यक्रमांची यादी.

शुक्रवारी संध्याकाळी : तीच यादी पुन्हा, आणि त्या पार्करनचं समाजमाध्यमावरचं पान.

शनिवारी निघण्याआधी : समाजमाध्यमावरचं पान. पहाटे वाट गोठलेली आढळली तर बातमी सर्वात आधी इथेच येते.

रद्द झाला तर राखीव पार्करनला जा. पण हा दुसरा पहिल्यापासून थोडा लांब आणि वेगळ्या प्रकारच्या जमिनीवरचा निवडलेला असावा. एक गवतावरचा गोठला तर शेजारचा गवतावरचाही गोठलेला असणार. डांबरी वाटेवरचा तेव्हा चालू असण्याची शक्यता जास्त.

फ्रान्ससाठी वेगळी सूचना : तिथले पार्करन २०२२ मध्ये बंद झाले. जुने ब्लॉग आणि जुने नकाशे अजूनही पॅरिसमधली ठिकाणं दाखवतात, त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. नाताळच्या दिवशी आणि १ जानेवारीला काही ठिकाणी शनिवार नसतानाही पार्करन भरतो. पण सगळीकडे नाही, त्याची यादी वेगळी प्रसिद्ध होते.

५. शुक्रवारी रात्री

शनिवारी सकाळची बस आणि मेट्रो कामाच्या दिवसांसारखी धावत नाही. लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या दुरुस्त्या मुद्दाम शनिवार-रविवारी काढतात आणि आख्खी मार्गिका बंद असू शकते. प्रवासाच्या ॲपमध्ये ‘आत्ता’चा मार्ग पाहण्याऐवजी शनिवार आणि पोहोचायची वेळ टाकून मार्ग काढा. सुरुवातीच्या अर्धा तास आधी पोहोचायचं धरा.

सामान कमीत कमी. बहुतेक ठिकाणी झाडाखाली ताडपत्री पसरलेली असते आणि लोक पिशव्या तिथे ठेवतात. त्यावर पहारा नसतो आणि जबाबदारी तुमचीच. म्हणून लॅपटॉप, कॅमेरा, जास्तीची रोकड मुक्कामावर ठेवा. सोबत घ्या : कागदी बारकोड, फोन, खोलीची किल्ली, परतीच्या प्रवासाचं कार्ड, पाण्याची बाटली, थंड देशात अंगावर चढवायला एक जॅकेट.

पासपोर्टचं काय? अनेक देशांत तो मुक्कामाच्या तिजोरीत ठेवून प्रत जवळ बाळगणं बरं. जपानमध्ये मात्र परदेशी पर्यटकाने पासपोर्ट कायम सोबत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे तो पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून कमरेच्या पट्ट्यात ठेवा आणि पट्टा धावतानाही सोडू नका. ताडपत्रीवरच्या पिशवीत पासपोर्ट कधीच नको.

आपत्कालीन क्रमांक फोनमध्ये टाकून ठेवा. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. सिंगापूरला रुग्णवाहिकेसाठी ९९५, जपानमध्ये ११९.

त्याच पहाटे विमानातून उतरून थेट पार्करनला जाण्याचा बेत कागदावर छान वाटतो. विमान उशिरा येतं, रांग लागते, आणि झोप नसलेल्या शरीराने जोर लावणं धोक्याचंच. उतरलात त्याच सकाळी शनिवार असेल तर चालण्याच्या तयारीने जा, किंवा पुढचा शनिवार धरा.

६. पोहोचल्यावर

निऑन रंगाची जॅकेटं घातलेली माणसं दिसली की ती स्वयंसेवक. कुणाकडेही नाव नोंदवायचं नसतं, छातीवर लावायचा क्रमांक मिळत नाही, चिप नसते. पाहुणे हमखास ‘काउंटर कुठे आहे’ विचारत फिरतात. काउंटर नसतो.

सुरुवातीच्या साधारण दहा मिनिटं आधी नवख्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी वेगळं ब्रीफिंग होतं. शंभर पार्करन झाले असले तरी त्या ठिकाणी पहिल्यांदा असाल तर त्याला उभे राहा. वळणं, फेऱ्यांची संख्या, अरुंद पूल, समोरून परत येणारे धावपटू, हे सगळं तिथेच सांगतात. जर्मनी, पोलंड किंवा जपानमध्ये ते स्थानिक भाषेत असतं, पण पाहुणे आहात असं सांगितलंत तर कुणीतरी इंग्रजीत समजावून देतं. भाषा कळत नसेल तर एवढे तीन प्रश्न नक्की विचारा : किती फेऱ्या? कुठल्या बाजूने धावायचं? फनेल (शेवटच्या रेषेपुढची दोरीने आखलेली अरुंद वाट) कुठे?

नंतर रन डायरेक्टरचं, म्हणजे त्या दिवशीचा कार्यक्रम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाचं, सगळ्यांसाठीचं ब्रीफिंग. तेव्हा कानातलं काढा, गप्पा थांबवा.

उभं राहताना आपल्या वेगाचा अंदाज घेऊन जागा पकडा. ३० मिनिटांत पूर्ण करणारा माणूस पहिल्या रांगेत उभा राहिला की मागून येणाऱ्यांना अरुंद वाटेवर त्याला वळसा घालावा लागतो आणि धक्काबुक्की तिथेच होते.

मुलं, कुत्रा, बाबागाडी

११ वर्षांखालचं मूल पूर्ण मार्गभर जबाबदार मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर हवं. आईवडील पुढे आणि मूल मागे, असं चालत नाही. चार वर्षांवरच्या मुलाची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र बारकोड लागतो. कुत्रा आणि बाबागाडी काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. जिथे कुत्रा चालतो तिथे एका माणसामागे एकच, आणि हातात धरलेल्या आखूड पट्ट्यावर. ब्रिटनमध्ये कमरेला बांधायचा पट्टा चालत नाही.

सोबतच्या माणसाला धावायचं नसेल तर त्याला स्वयंसेवक होता येतं. तीन-चार दिवस आधी त्या पार्करनच्या ईमेलवर नाव आणि ‘ए’ क्रमांक कळवायचा. नवख्याला बहुतेक वेळा वळणावर मार्शल म्हणून, म्हणजे वाट दाखवायला, उभं करतात, किंवा सगळ्यांच्या शेवटी चालणाऱ्या टेल वॉकरचं काम देतात. हे टेल वॉकर असतात म्हणूनच पार्करनमध्ये कुणी शेवटचं येत नाही. आपण फार हळू आहोत या भीतीने जायचं टाळत असाल तर ती भीती इथे सोडा.

७. वाटेवर

मार्ग सर्वांसाठी खुला असतो. कुत्रा फिरवणारे, सायकलवाले, म्हातारी माणसं यांना पहिला मान. डाव्या बाजूने की उजव्या, हे ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं पाळा. ज्या देशात वाहनं उजवीकडून जातात तिथे सवयीने डावीकडे गेलात की समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाल.

दमट हवेत, विशेषतः सिंगापूर-मलेशियात, पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा मुद्दाम हळू घ्या. घाम सुकत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही, आणि नेहमीचा वेग तिसऱ्या किलोमीटरला अंगावर येतो. गरगरलं, थंडी वाजल्यासारखी वाटली तर थांबा आणि जवळच्या मार्शलला सांगा.

मध्येच सोडायचं ठरलं तर मार्शलला सांगून बाजूने परत या. शेवटची रेषा मात्र ओलांडू नका. का, ते पुढे.

८. शेवटची रेषा, फनेल आणि टोकन

पार्करनमध्ये सर्वात जास्त घोटाळे इथे होतात. त्यामुळे यंत्रणा कशी चालते ते नीट समजून घ्या.

रेषेवर उभे असलेले वेळ घेणारे स्वयंसेवक प्रत्येक माणसाला एकदा बटण दाबतात. त्यांच्याकडे तयार होते फक्त वेळांची यादी : पहिला क्रमांक अमुक वेळ, दुसरा तमुक वेळ. नावं त्यात नसतात. रेषेपुढे दोरीने किंवा खांबांनी आखलेली अरुंद वाट असते, तिला फनेल म्हणतात. फनेलच्या टोकाला प्रत्येकाला एक टोकन मिळतं, त्यावर ‘पी’ आणि क्रमांक असतो. पुढे स्कॅन करताना टोकनचा क्रमांक तुमच्या ‘ए’ क्रमांकाशी जोडला जातो. शेवटी संगणक वेळांची यादी आणि टोकनांची यादी समोरासमोर ठेवतो. दोन्हींना बांधणारा धागा एकच : रेषा ओलांडण्याचा क्रम.

आता एकाच माणसाने चूक केली तर काय होतं ते पाहा. समजा १४३ व्या क्रमांकावर आलेला पाहुणा टोकन न घेता दोरीखालून निघून गेला. घड्याळात १४३ वी वेळ नोंदली गेलेली आहे. टोकन १४३ मात्र त्याच्या मागच्या, खरं तर १४४ व्या माणसाच्या हातात पडतं. त्याला पुढच्याची वेळ मिळते, त्याच्या मागच्याला त्याची, आणि चूक कुणाच्या लक्षात येईपर्यंत सगळी यादी एकाने सरकलेली. नंतर स्वयंसेवकांना बसून ती दुरुस्त करावी लागते.

म्हणून :

१) रेषा ओलांडेपर्यंत वेग कमी करू नका, ओलांडल्यावर मात्र लगेच कमी करा आणि फनेलमध्ये शिरा.

२) फनेलमध्ये कुणालाही मागे टाकू नका आणि कुणाला ‘तुम्ही आधी’ म्हणून पुढे सोडू नका. शेवटच्या मीटरला तुम्ही कुणाच्या मागे राहिलात तर मागेच राहा. उलटापालट झाली की दोघांच्याही वेळा बदलतात.

३) थांबू नका. गुडघ्यावर हात टेकून श्वास घ्यायचा तो फनेलच्या बाहेर. फोटोही बाहेरच.

४) टोकन घ्याच. बारकोड विसरला असेल तरीही घ्या आणि स्कॅन न करता परत द्या. तुमच्या वेळेला तुमचं टोकन भेटलं पाहिजे, मग निकालात ‘अननोन’ आलं तरी बाकीच्यांचं सगळं जागेवर राहतं.

५) एकदाच. मैत्रिणीला साथ द्यायला परत मागे गेलात तर रेषेच्या आधीच बाजूला व्हा.

*सावधान :* आई किंवा बाबा शेवटाला येताना दिसले की कडेला उभं मूल धावत जाऊन त्यांचा हात धरून रेषा ओलांडतं. फोटो सुंदर येतो, पण घड्याळावर दोन वेळा नोंदल्या जाण्याचा धोका असतो. न धावणारी मंडळी, फोटो काढणारे, अंतर पूर्ण न केलेले, कुणीच रेषेवरून जायचं नाही.

९. स्कॅन

टोकन हातात घेऊन सरळ स्कॅन करणाऱ्यांकडे जा. आधी पाणी, आधी शौचालय, आधी फोटो असं केलं की टोकन खिशात राहतं आणि थेट हॉटेलात निघतं.

स्वयंसेवक फोनवर तुमचा बारकोड आणि टोकन दोन्ही स्कॅन करतो. पडद्यावरचा बारकोड असेल तर उजेड पूर्ण वाढवा, पडदा पुसा, आणि दोन बारकोड एकत्र दिसत असतील तर दुसरा बोटाने झाका. उन्हात चकाकी येत असेल तर पाठ सूर्याकडे करून सावलीत धरा.

पुढे सरकण्याआधी दोन गोष्टी करा. त्याच्या पडद्यावर आलेला ‘ए’ क्रमांक तुमचाच आहे का बघा. आणि टोकनवरचा ‘पी’ क्रमांक लक्षात ठेवा किंवा फोनमध्ये टिपा. मग टोकन परत द्या. ते स्मरणचिन्ह नाही, पुढच्या शनिवारी तेच वापरायचं असतं.

१०. निकाल, आणि तो चुकला तर

निकाल बहुधा त्याच दिवशी मेलवर आणि संकेतस्थळावर येतो. काम स्वयंसेवकांचं असल्यामुळे दुपारपर्यंत आला नाही म्हणून लगेच विचारणा करू नका. आधी स्पॅमची पेटी बघा. नंतर त्या पार्करनच्या पानावरचा ताजा निकाल उघडा आणि टिपलेल्या ‘पी’ क्रमांकाची ओळ शोधा.

निकालात तुमची सर्वोत्तम वेळ म्हणून जे दिसतं ते त्या एका मार्गापुरतं असतं. सपाट तळ्याकाठचा मार्ग आणि टेकडीवरचा मार्ग यांची तुलना तिथे होत नाही. घड्याळातल्या जीपीएसने ४.९५ किंवा ५.०६ किलोमीटर दाखवलं तरी मार्ग चुकीचा मोजलाय असं समजू नका. झाडी आणि वळणांत जीपीएस एवढं चुकतंच.

तुमच्या ओळीत ‘अननोन’ असेल किंवा वेळ चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त चुकलेली असेल, तर त्याच पार्करनच्या ईमेलवर लिहा. मेलमध्ये एवढंच हवं : तारीख, पूर्ण नाव, ‘ए’ क्रमांक, ‘पी’ क्रमांक किंवा अंदाजे स्थान, स्वतःच्या घड्याळातली वेळ, आणि स्कॅन झालं होतं की नाही. नुसतं ‘माझा निकाल दिसत नाही’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याला शेकडो ओळी चाळाव्या लागतात. ‘पी २१७, माझ्या घड्याळात २९:४०’ असं लिहिलं तर तो दोन मिनिटांत जागा शोधतो. नोंदणी केलेली नव्हती आणि आता करून मागचा रन नावावर चढवायचाय, असं असेल तर हमी नाही, पण विनंती याच पत्त्यावर करायची.

टोकन चुकून खिशात राहिलं असेल तर निकालाची वाट न बघता लगेच मेल करा, त्यात टोकनचा क्रमांक आणि तुमचा ‘ए’ क्रमांक द्या. निकाल तयार होण्याआधी मेल पोहोचला तर वेळ तुमच्या नावावर हाताने टाकता येते. पुढच्या शनिवारी तिथेच असाल तर टोकन स्वतः नेऊन द्या. शहर सोडलं असेल तर ते कसं परत पाठवायचं हे त्याच मेलमध्ये विचारा.